पणजीचे गोठ

आर्वी, दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. बापू,

दोन महायुद्धांमधल्या काळावर निबंध लिहायचाय आणि व्हर्साय, हिटलर, वॉल स्ट्रीट यांपलीकडे काही दिसत नाही, म्हणतोस. काल माळ्यावरून तुझ्या पणजोबांची चोपडी काढली. १९३१च्या शेवटच्या पानावर एक ओळ आहे : गोठ मोडले, सारा भरला. गोठ पणजीचे, हातातले सोन्याचे.

पुलगावहून आपल्याकडे अडीच फुटी रुळांची गाडी आली १९१७ साली, पहिलं युद्ध चालू असतानाच. तिच्यातून आर्वीच्या कापसाच्या गाठी मुंबईच्या वाटेला लागल्या. जीनवाले, अडते सगळे मुंबईच्या भावाकडे डोळे लावून बसायचे आणि मुंबई लिव्हरपूलकडे. १९२७मध्ये सरकारने रुपया एक शिलिंग सहा पेन्सला बांधला. म्हणजे विलायतेत भाव तोच राहिला तरी कास्तकाराच्या पदरात रुपये कमी. त्यावर १९२९ची मंदी. कापूस निम्म्यावर आला. सारा आणि सावकाराचं व्याज जागचं हललं नाही. सप्टेंबर १९३१मध्ये इंग्लंडने सुवर्णमान सोडला, सोन्याला भाव चढला आणि घरोघरचे दागिने वितळून जहाजावर गेले. ह्याला कुणी ‘सोन्याची निर्यात’ म्हटलं की मला अजून राग येतो.

पुढचं तर फारच मजेशीर. जपानी कापडावर १९३३मध्ये ७५ टक्के जकात बसली. चिडून जपानी गिरण्यांनी आपला कापूस घेणं थांबवलं. आपल्या आखूड धाग्याचं मोठं गिऱ्हाईक तेच! जानेवारी १९३४मध्ये दिल्लीत तोडगा निघाला : जपानने १५ लाख गाठी उचलल्या तर ४० कोटी वार कापड इथे विकायची मुभा. आपल्या पऱ्हाटीचं नशीब ओसाकाच्या मागावर ठरत होतं, ते असं.

मध्यप्रांताने १९३३मध्ये कर्ज तडजोडीचा कायदा केला. त्याची मंडळं सावकार-कुळांना समोरासमोर बसवून कर्जाचे आकडे खाली आणायची. आपलं प्रकरण तिथे गेलं का, चोपडी सांगत नाही. गांधीजी वर्ध्याला आले तेही ह्याच सुमारास, १९३४मध्ये. त्यांचा चरखा ह्या पडलेल्या भावाशेजारी ठेवून बघ.

चोपडी टपालाने पाठवत नाही. दिवाळीला ये आणि इथेच बसून वाच. मधल्या पानांना वाळवी लागली आहे, जपून उलटावी लागतील.

तुझा काका