फर्जे-किफाया

२०२३ सालचा जुलै महिना. शाळा सुरू होऊन चारेक आठवडे झाले होते. सातवीच्या वर्गाला मी निबंधाचा विषय दिला होता, 'मेरा एक नया तजुर्बा'. हा विषय उर्दू शाळेत दरवर्षी कुणी ना कुणी देतोच. मुलेही ठरलेलेच लिहितात. कुणी पहिल्यांदा रेल्वेत बसल्याचे लिहितो, कुणी पहिल्या रोजाचे. एका मुलाने मात्र वही कोरीच ठेवली. उभे करून विचारले तर म्हणाला, "सर, कुछ नया हुआच नहीं. झूठ लिखूँ क्या?"

वर्ग हसला. मीही हसलो. त्याने पुढे अगदी सरळ मनाने विचारले, "आपका क्या नया हुआ सर, इस साल?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसाच थांबलो. सांगण्यासारखे काही सापडेना. घर, शाळा, हजेरीपट, मशीद, किराणा दुकान, पुन्हा घर. बी.एड.ला असताना जॉन ड्युईवर मी दहा गुणांचे उत्तर पाठ केले होते, मूल अनुभवातून शिकते म्हणून. त्या उत्तराला नऊ गुण मिळाले होते. अनुभव मात्र पाठ करून मिळत नाही, हे एका तेरा वर्षांच्या पोराने मला भर वर्गात दाखवून दिले.

त्याच आठवड्यात मोहरमचा चाँद दिसला. हिजरी १४४५ सुरू झाले. मी मनाशी ठरवले की या वर्षी दर महिन्याला एक तरी गोष्ट करायची, जी आयुष्यात कधी केलेली नाही. अटी तीन घातल्या. सोलापूर सोडायचे नाही, शंभर रुपयांच्या वर खर्च करायचा नाही आणि केलेले वहीत लिहून ठेवायचे. वहीच्या पहिल्या पानावर बारा महिन्यांची नावे लिहिली ती माझ्या नानीच्या तोंडची. नानीला सफर, रबी-उल-अव्वल ही अरबी नावे ठाऊक होती, पण ती बोलताना तेरातेजी, बारावफात, ग्यारवी, मदार, ख्वाजा असेच म्हणायची. जिल्कादला ती 'खाली' म्हणायची, म्हणजे रिकामा महिना. दोन ईदांच्या मधला, ज्यात काहीच नसते तो.

मोहरममध्ये मी भाकरी शिकलो.

अम्मी हसली, बायको त्याहून जास्त हसली. म्हणाली, "हात भाजला तर शाळेत काय सांगाल?" आमच्याकडे ज्वारी मंगळवेढ्याची येते. ती खाऊन मी मोठा झालो, पण पीठ गरम पाण्यात भिजवतात हेदेखील मला माहीत नव्हते. तळहाताच्या टाचेने पीठ रगडायचे, ते जितके रगडले जाईल तितकी भाकरी कमी चिरते. थापताना हात आपोआप फिरला पाहिजे. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवायचे आणि ते सुकायच्या आत उलटायची. माझ्या पहिल्या आठ भाकऱ्या उचलतानाच तुटल्या. त्यांचा कुस्करा दुधात घालून अम्मीने अब्बांना भरवला. अब्बांना अडीच वर्षांपूर्वी लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणे दोन-चार शब्दांवर आले. घास गिळून ते म्हणाले, "कच्ची है." घरात त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसणे झाले.

तेरातेजीच्या पहिल्या तेरा दिवसांत नानी कोणतेही नवे काम सुरू करू देत नसे. नहूसत असते म्हणायची. तिची माफी मागून मी त्याच दिवसांत रक्त देऊन आलो. माझ्या पहिल्या मुलीच्या जन्मावेळी बायकोला दोन बाटल्या रक्त लागले होते, ते कोण्या अनोळखी माणसांचे होते. साडेतीनशे मिलिलीटर रक्त द्यायला दहा मिनिटेसुद्धा लागत नाहीत. वर चहा आणि बिस्किटे मिळतात. एवढ्याशा कामाला मी नऊ वर्षे घाबरत होतो.

बारावफातला त्या वर्षी एक योग आला. ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. राज्यातल्या अनेक शहरांत जुलूस पुढे ढकलले गेले, सरकारनेही ईदची सुटी २९ तारखेला नेली. विसर्जनाच्या मिरवणुकीत आमच्या मोहल्ल्यातली पोरे दरवर्षी पाणी वाटतात. मी दरवर्षी पन्नास रुपये वर्गणी देतो आणि माझे काम झाले समजतो. या वेळी मी स्वतः रात्री एकपर्यंत ग्लास भरत उभा राहिलो. ढोलाच्या पथकातला एक पोरगा तीन ग्लास पाणी प्यायला आणि गुलालाचा हात कपाळाला लावून पुढे गेला. त्याने माझे नाव विचारले नाही, मीही त्याचे विचारले नाही. पन्नास रुपयांत हे मिळत नव्हते.

ग्यारवीच्या महिन्यात एका रविवारी मी यंत्रमागावर उभा राहिलो. अब्बांनी एकतीस वर्षे चादरीच्या कारखान्यात काम केले. त्यांच्या पगारावर मी डी.एड., बी.ए., बी.एड. झालो. पण मागावर एक पूर्ण पाळी कधी उभा राहिलो नव्हतो. डबा पोचवायला जायचो तो दारातूनच परत. अब्बांचे एक जुने सोबती अजून कामावर आहेत, त्यांनी मालकाला विचारून मला शेजारी उभे केले. कांडी संपली की बदलायची, ताण्याचा धागा तुटला की माग थांबवून गाठ मारायची. गाठ मारायला ते दोन सेकंद घेत, मला दोन मिनिटे लागत. चार मागांच्या मध्ये उभे राहिल्यावर समोरच्याचे ओठ हललेले फक्त दिसतात. संध्याकाळी घरी आलो तर बायकोचे बोलणे मला लांबून आल्यासारखे ऐकू येत होते. लहानपणी मला अब्बांचा राग येई, हाक मारली की ते पहिल्या हाकेला ओ देत नसत. मला वाटे, लक्षच देत नाहीत. तीस वर्षांचा तो राग त्या दिवशी माझ्याच कानात वाजत होता.

मदारमध्ये पोहायला गेलो आणि हरलो. पाण्यात पाय सुटला की मी कठडा धरत होतो. वहीत तसेच लिहिले आहे: 'नहीं आया.'

मग ख्वाजाचा महिना आला, डिसेंबर-जानेवारीची थंडी. मोहल्ल्यात एका वयस्कर गृहस्थांची मय्यत झाली. दोन्ही मुलगे बाहेर अंगणात खुर्च्यांवर बसले होते आणि गुस्लला माणूस कमी पडत होता. आमच्याकडे चाळीस वर्षे मय्यत नहलवणारे एक चाचा आहेत. त्यांनी पडद्याबाहेर डोके काढून विचारले, "कोई आता क्या अंदर?" सगळ्यांनी खाली पाहिले. मीही पाहिले. मग मला वही आठवली. खरे सांगायचे तर त्या क्षणी धर्म आठवला नव्हता.

मी आत गेलो. बोरीच्या पाल्याचे कोमट पाणी तयार होते. चाचांनी हाताला कापड गुंडाळायला सांगितले. नाभीपासून गुडघ्यापर्यंत चादर कायम असते, तिच्याखालून हात फिरवायचा, नजर नाही. आधी वजू. मग उजवी बाजू, मग डावी. पोटावर हलका हात. शेवटच्या पाण्यात कापूर. नंतर कापूर कपाळाला, नाकाला, तळव्यांना, गुडघ्यांना आणि पायांना लावतात. सजद्यात जे जे अवयव जमिनीला टेकतात त्यांना. चाचा सारखे एकच सांगत होते, "आहिस्ता. दुखता उनको." आत जे दिसते ते बाहेर बोलायचे नसते, म्हणून त्यापलीकडे मी इथेही लिहीत नाही.

बाहेर आल्यावर मी चाचांना म्हटले, "मुलगे बसले होते बाहेर, त्यांचा पहिला हक्क ना?" चाचा म्हणाले, "फर्जे-किफाया है बाबा. एकने किया, सबका उतर गया. सबको मालूम है कोई तो करेंगा."

फर्जे-किफाया हा शब्द मी मुलांना शिकवलेला आहे. काही माणसांनी केले की साऱ्या वस्तीवरचा भार उतरतो, कुणीच केले नाही तर सगळेच गुन्हेगार. त्या रात्री वही उघडून मागची पाने चाळली आणि लक्षात आले की मी काही नवे करीतच नव्हतो. भाकरी, रक्त, पाणी, माग ही सारी कामे माझ्यासाठी, माझ्या नावाने, वर्षानुवर्षे दुसरे कुणी तरी करीत होते. मी तेवढा भार उतरलेल्यांत बसलो होतो.

हे घरी मी जेवताना सांगितले. अब्बा ऐकत होते. दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी अम्मी त्यांच्या अंघोळीचे पाणी काढत असताना त्यांनी डाव्या हाताने माझी बाही धरली. एकेक शब्द शोधून ते म्हणाले, "मुर्दे को... नहलाया. मेरे कू... कब?"

अडीच वर्षे अब्बांना अम्मीच अंघोळ घालत होती. सून सासऱ्याला घालू शकत नाही. मी होतो, पण मला शाळेची घाई असे. अम्मीची कंबर दुखते हे मला माहीत होते, मी तिला मलम आणून देत होतो.

रजबमध्ये मी अब्बांना अंघोळ घालायला शिकलो. अम्मी दाराशी उभी राहून सांगत होती. सदरा काढताना आधी चांगला हात, घालताना आधी लुळा हात. पाणी त्यांच्या डाव्या हातावर घालून विचारायचे, कारण उजव्या अंगाला चटका कळत नाही. उजवीकडून सुरुवात करायची हे मी शिकून आलो होतो, आणि अब्बांची उजवी बाजूच गेलेली. मी तिथूनच सुरुवात केली. पहिल्या दिवशी आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहत नव्हतो. साबण डोळ्यांत गेला तेव्हा अब्बांनी मला चांगली शिवी दिली, पूर्ण आणि न अडखळता. लकव्यानंतर त्यांचे ते पहिले अखंड वाक्य होते. अम्मी दाराबाहेर तोंडाला पदर लावून हसत होती, नंतर पाहिले तर डोळेही पुसत होती.

त्याच महिन्यात अम्मी चार रात्री अक्कलकोटला खालाकडे राहून आली. अडीच वर्षांत पहिल्यांदा. परत आल्यावर म्हणाली, "तेरी किताब में लिख, मेरा बी एक नया तजुर्बा हुआ."

शाबानमध्ये शबे-बरातला कब्रस्तानात गेलो तेव्हा ज्यांना आंघोळ घातली होती त्यांच्या कबरीवर पहिल्यांदा उभा राहिलो. रमजानमध्ये बायको आणि अम्मी उठायच्या आत सहेरीसाठी भाकरी थापल्या, सगळ्या नाही, आठवड्यातून तीन दिवस. शव्वालमध्ये मराठीत लिहायला बसलो. घरात दखनी, शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी असे माझे आयुष्य. सोलापुरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले होते, पण मराठीत लिहायचे कामही मी आजवर दुसऱ्यांवरच टाकलेले होते. हा लेख तिथून सुरू झाला. खाली महिना मी नानीच्या म्हणण्याप्रमाणे खाली ठेवला. बकरीदला, १७ जून २०२४ रोजी, दोन माणसांच्या मदतीने अब्बांना रिक्षात बसवून ईदगाहवर नेले. त्यांनी खुर्चीवर नमाज पढली.

वर्ष संपले. बारांपैकी टिकले काय याचा हिशेब द्यायला हवा. रक्त अजून दोनदा दिले. पोहणे आले नाही. माग पुन्हा पाहिला नाही. भाकरी येते, कडा मात्र अजून चिरतात. चाचा आता मय्यत झाली की मला निरोप पाठवतात. कधी जातो, कधी शाळा असते. अम्मीला मात्र पाणी काढावे लागत नाही. रोज सकाळी सहाला ते मी काढतो.

नव्या वर्षी तोच निबंध नव्या सातवीला दिला. कोरी वही ठेवणारा तो मुलगा आठवीत गेला होता. मधल्या सुटीत त्याला बोलावून मी माझी वही दाखवली. तो पाने उलटत गेला आणि रजबच्या पानावर थांबला. म्हणाला, "सर, ये तो नया नहीं. मैं तो दादा को रोज नहलाता हूँ. ये लिखना था क्या?"

मी म्हटले, "हाँ बेटा, यही लिखना था."