लेडव्हिलचा न दिसणारा पाऊस

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात लेडव्हिल नावाचं एक चिमुकलं गाव आहे. डेन्व्हर शहरातून मोटारीने निघालं की दीडेकशे किलोमीटर रॉकी पर्वताची चढण सुरू राहते. गावात पोचतो तेव्हा आपण ३,०९४ मीटर उंचीवर असतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. एकावर एक दोन कळसूबाई रचले, तर वरच्याच्या माथ्यापासून थोडंसं खाली हे गाव लागेल! चार पायऱ्या भरभर चढलात की धाप लागते. पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजायची म्हणजे पंचाईतच.

गावाच्या नैर्ऋत्येला माउंट एल्बर्ट हे रॉकी पर्वतातलं सर्वांत उंच शिखर आहे. १८७०नंतरच्या दशकात इथे चांदी सापडली आणि माणसांची झुंबड उडाली. १८७९ साली बांधलेलं टेबर ऑपेरा हाउस हॅरिसन रस्त्यावर अजून उभं आहे. चांदीच्या खनिजात शिसंही होतं, म्हणून नाव पडलं लेडव्हिल, म्हणजे शिशाचं गाव. १८९३ साली चांदीचा भाव कोसळला आणि गावाची रया गेली.

पण मला हे गाव आठवतं ते चांदीमुळे नव्हे. आय. बी. एम. या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या अखेरीस कॉम्प्युटरच्या मेमरीच्या चिप्स तपासायला इथे आणल्या होत्या. (चिप्स म्हणजे खायचे वेफर्स नव्हेत बरं का! गंमत अशी, की सिलिकॉनच्या ज्या पातळ चकतीतून या चिप्स कापतात, तिलाही वेफरच म्हणतात.)

तपासणी साधी होती. चिपमध्ये ठरावीक ० आणि १ लिहून ठेवायचे आणि रात्रंदिवस ते पुन्हापुन्हा वाचत राहायचं. कुठे ०चा १ झाला, तर नोंद करायची. हाच उद्योग खालच्या गावांत केला आणि जमिनीखाली, खडकाच्या आडही केला. लेडव्हिलला चुका जास्त झाल्या. जमिनीखाली मात्र त्या जवळजवळ नाहीशाच झाल्या! आणि चुकलेली चिप बिघडलेली होती का? मुळीच नाही. पुन्हा लिहिलं की ती मुकाट्याने बरोबर लक्षात ठेवी.

मग चूक कोणाची? आकाशाची! अवकाशातून येणारे विश्वकिरण हवेच्या अणूंवर आदळतात आणि त्यातून न्यूट्रॉन कणांचा पाऊस पडतो. बराचसा पाऊस हवेतच जिरतो. लेडव्हिलवर हवेचं पांघरूण पातळ, म्हणून तिथे समुद्रकाठच्या दहापटीहून अधिक न्यूट्रॉन पोचतात. एखादा न्यूट्रॉन सिलिकॉनच्या अणूवर नेमका आदळला, तर त्याचे विद्युतभारित तुकडे उडतात आणि जवळचा आकडा उलटतो. शिशाचा पत्रा लावून हा पाऊस थांबत नाही. क्ष-किरण अडवणारं शिसं इथे कुचकामी! त्याला कित्येक मीटर खडकच हवा.

एक आकडा उलटल्याने काय बिघडतं, असं म्हणाल? २००३ साली बेल्जियममध्ये ब्रुसेल्सला लागून असलेल्या स्कारबेक इथे मतदान यंत्रांवर निवडणूक झाली. एका उमेदवाराला शक्य होती त्याहून जास्त मतं दिसली. जास्तीची मतं होती बरोबर ४,०९६! आता १, २, ४, ८ असं दुप्पट करत जा. तेरावी संख्या कोणती येते? ४,०९६! म्हणजे मेमरीतलं तेरावं घर उलटलं असणार. ते विश्वकिरणांनीच उलटवलं, असा पुरावा नाही. पण तज्ज्ञांना यंत्रात दुसरा दोषही सापडला नाही.

प्रत्येक कॉम्प्युटर काही गुहेत ठेवता येत नाही. म्हणून चूक होणार हे धरूनच मेमरी बांधतात. कशी, ते घरीच करून पाहा. सोळा कवड्या घ्या. नऊ कवड्या तीन ओळींत हव्या तशा मांडा, काही उताण्या, काही पालथ्या. आता प्रत्येक ओळीच्या शेवटी एकेक कवडी अशी ठेवा, की ओळीतल्या उताण्या कवड्या सम व्हाव्यात. मग प्रत्येक रांगेखाली तसंच करा. चौथ्या रांगेलाही विसरू नका. आता डोळे मिटा आणि ताईला एक कवडी उलटायला सांगा. डोळे उघडून मोजा. एक आडवी ओळ आणि एक उभी रांग विषम निघेल. ती जिथे एकमेकींना छेदतात, तीच कवडी! ती सुलटी केली की झालं.

आपण नऊ कवड्यांवर सात पहारेकरी बसवले. रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाने १९५० साली याहून काटकसरीची युक्ती प्रसिद्ध केली. तिच्या आधारे मोठ्या कॉम्प्युटरांत साधारणपणे ६४ आकड्यांमागे ८च पहारेकरी असतात.

आता ताईला दोन कवड्या उलटायला सांगा. गडबड झाली हे कळेल, पण कुठे ते सांगता येणार नाही. कॉम्प्युटरचंही तसंच होतं. मग तो चुकीचं उत्तर देण्याऐवजी काम थांबवतो.