वजनाला जड, उगवणीला हलकं

मंडळी, पेरणी तोंडावर आली. घरचं सोयाबीन बियाण्याला काढताय ना, म्हणून हे लिहितोय. सुरुवात मात्र बंदुकीच्या काडतुसापासून आहे, तेवढं सांभाळून घ्या.

माझी पुतणी कोल्हापुरात रायफल नेमबाजी शिकते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसहून ५० मीटर रायफलचं ब्राँझ आणलं, तेव्हापासून घरातले तिला "हा कसला खेळ" म्हणायचे थांबले. परवा ती गावी आली तेव्हा मी पडवीत शंभर-शंभर दाणे काट्यावर तोलत बसलो होतो. हसली. "काका, परदेशात लांब पल्ल्याचे नेमबाज पुंगळ्या अशाच तोलतात."

तिनं सांगितलं ते असं. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी तिकडं परत भरतात. (आपल्याकडं परवान्याशिवाय हा उद्योग म्हणजे गुन्हा, कुणी नाद करू नका.) एका मापाच्या सगळ्या पुंगळ्या बाहेरून सारख्याच. मग एखादी जड भरली तर पितळ जाड, म्हणजे आत जागा कमी. तेवढीच दारू कमी जागेत पेटली की दाब वाढतो, गोळीचा वेग बदलतो. ५० मीटरवर ते जाणवतही नाही, पण हजार मीटरवर गोळी वर-खाली लागते. म्हणून सारख्या वजनाच्या पुंगळ्यांचे ढीग करायचे.

पटलं मला. पण ती पुढं म्हणाली, "जास्तीचं पितळ बुडाच्या कडेला असलं तर? ती कड बाहेर असते, आतली जागा तेवढीच राहते." खरं माप हवं तर पुंगळीत काठोकाठ पाणी भरून तोलायचं आणि रिकामीचं वजन वजा करायचं. दहा-अकरा ग्रॅमच्या पुंगळीत पाणी मावतं साडेतीन ग्रॅमच्या आसपास. काम किचकट, म्हणून बरेच जण नुसत्या काट्यावर भागवतात.

इथं मी गप्प झालो. कारण दोन वर्षांमागं मी हेच केलं होतं. घरच्या बियाण्याचे दोन ढीग होते. एकाचे शंभर दाणे १२ ग्रॅम, दुसऱ्याचे १४. जड ते चांगलं म्हणून १४ वालं पेरलं. दहातले चारच उगवले. दुबार पेरणी, बियाणं विकत, पंधरा दिवस गेले ते वेगळेच. नंतर उमजलं की तो माल नीट वाळलाच नव्हता, थोडं वजन पाण्याचंच होतं. शिवाय मळणीयंत्र जोरात चालवलेलं. टपोऱ्या दाण्याला मार जास्त बसतो, आणि सोयाबीनचं साल किती पातळ ते तुम्हाला सांगायला नको. आतला अंकुर दुखावला तर काटा काय सांगणार?

पुतणीच्या .२२ च्या काडतुसाचं आणखी अवघड. ते परत भरता येत नाही. शिशाची गोळी २.६ ग्रॅमची, दारू ०.१ ग्रॅमही नाही. दोन काडतुसांत ०.०२ ग्रॅमचा फरक आला तर तो शिशाचा की दारूचा, कसं कळणार? म्हणून मोठे खेळाडू वेगवेगळ्या लॉटची काडतुसं स्वतःच्या रायफलमधून उडवून बघतात. ज्या लॉटच्या गोळ्या एका ठिकाणी बसतील, तो लॉट घेऊन ठेवतात.

आपल्याकडं ते काम गोणपाट करतं. ढीग न निवडता, पोत्याच्या वरचे-मधले-तळाचे असे शंभर दाणे, ओल्या गोणपाटात गुंडाळी, अशा तीन गुंडाळ्या. ७० टक्के उगवले तर एकरी ३० किलो बियाणं. त्याखाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवा, आणि ६० च्या खाली गेलं तर ते बियाणं तेलाच्या गिरणीला द्या.

यंदा दोन्ही ढिगांच्या गुंडाळ्या घातल्यात. आज पाचवा दिवस, रोज सकाळी पाणी शिंपडतोय. आठव्या दिवशी उलगडून आकडे इथंच टाकतो.