तळघरातलं मंडळ

१४ जानेवारी २०२३, हॅलडन, न्यू जर्सी
ग्रंथालयाची तळघरातली खोली मागायला सहा जण आले. त्यातले सगळ्यांत तरुण अडुसष्टचे. इटालियन वारसा मंडळ काढायचंय म्हणे. बोलत होत्या एकट्या मास्तरीणबाई. लॅटिन शिकवायच्या, आता निवृत्त. पहिला प्रश्न, खोली फुकट का? दुसरा, कॉफी करू द्याल का? दोन्हीला हो म्हटलं.

१५ जानेवारी
आईला फोनवर सांगितलं. "म्हणजे आपलं ग्रामस्थ मंडळच की गं. खजिनदार कोण?" अजून ठरला नाही. "मग कसलं मंडळ!"
लालबागला असताना बाबा गावच्या मंडळाचे खजिनदार होते. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावरच वर्गणी घ्यायचे. घरी गेलेला पगार परत हाती लागत नाही म्हणायचे.

११ फेब्रुवारी
नावावरून दोन तास. उत्तरेकडच्या, बिएल्लाच्या मंडळींचे आजे-पणजे पॅटरसनला रेशमाच्या मागांवर. दक्षिणेकडचे रंगखात्यात, दिवसभर ओल्यात आणि वाफेत. इतक्या वर्षांनीही कोण विणकराचा, कोण रंगाऱ्याचा, हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक. मास्तरीणबाईंनी दाखला दिला: सिसिलीचे डॉक्टर व्हिन्चेन्झो सेल्लारो. न्यूयॉर्कमध्ये १९०५ साली 'सन्स ऑफ इटली' काढली, ती गावागावांच्या वेगळ्या चुली मोडायला.
मागून कोणीतरी, "मोडल्या का?"
नाव ठरलं नाही.

१९ मार्च
सेंट जोसेफचा दिवस. बेकरीतून त्सेप्पोले आले. पथ्य सगळ्यांनाच आहे. एकही उरला नाही.

८ एप्रिल
शेजारच्या अंजीरवाल्यांनी आज झाड सोडवलं. नोव्हेंबरपासून गोणपाट आणि जुन्या गालिच्यात बांधलेलं, शेंड्यावर उलटी बादली. सुतळी कापत नाहीत, एकेक गाठ सोडवतात, गुंडाळून खिशात ठेवतात. मंडळात या म्हटलं. "नको. तिथे भांडणं होतात."

२० मे
अंजीरवाले मंडळात येत नाहीत, पण पिशवीत वही घेऊन आले. त्यांच्या माळ्यावर होती. १९११ पासूनची, जुन्या परस्पर साहाय्य मंडळाची. शाई तपकिरी, अक्षर देखणं. महिन्याची वर्गणी, आजारपणाचा भत्ता, मयताचा खर्च. शेवटचा रकाना, भेटायला कोण गेलं. आजारी सभासदाकडे दोघांनी जायचं. धीर द्यायचा, आणि गडी खरंच अंथरुणात आहे ना तेही बघायचं. मास्तरीणबाईंनी एक नोंद वाचून दाखवली: घरात नव्हता, बागेत खणत होता, भत्ता बंद.
सगळे पोट धरून हसले. अंजीरवाले हसले नाहीत. पणजोबा असावेत.

१० जून
स्कॅन करत १९१३ पर्यंत पोचले. फेब्रुवारीच्या शेवटापासून वर्गणीचा रकाना कोरा. संप. पॅटरसनचे वीस हजारांहून जास्त कामगार बाहेर. ठिणगी कशाची, तर दोनाऐवजी चार माग सांभाळा.
मुंबईत १९२८ला हेच. दोनाऐवजी तीन साचे. सहा महिने गिरण्या बंद. बाबांना तो संप तोंडपाठ होता, त्यांच्या जन्माआधीचा. १९८२चा विषय निघाला की उठून जायचे.

१७ जून
सगळे मिळून बोट्टो घर पाहिलं. गावातच आहे, तरी निम्मे आज पहिल्यांदा आत शिरले. पिएत्रो आणि मारिया बोट्टो, बिएल्लाकडचं विणकर कुटुंब. संपात पॅटरसनचे पोलीस सभा होऊ देईनात. हॅलडनचा महापौर समाजवादी. म्हणून दर रविवारी इथे सभा. माडीच्या सज्जातून भाषणं, खाली हजारो माणसं. सज्जा चार माणसांत भरेल एवढाच. घराचं आता कामगार संग्रहालय झालंय.
उतरताना एका रंगाऱ्याचा नातू म्हणाला, "भाषणं विणकराच्या घरातून झाली. मोदेस्तिनोचं नाव किती जणांना माहीत आहे?"
व्हॅलेंतिनो मोदेस्तिनो. संपातही नव्हता. आपल्या दारात उभा होता. रंगशाळेच्या भाडोत्री पहारेकऱ्यांची गोळी लागली.

२९ जुलै
ही तारीख कोणी मुद्दाम निवडली, कळायला मार्ग नाही. गाएतानो ब्रेस्ची, पॅटरसनमध्ये काम केलेला विणकर. इथून इटलीला गेला आणि २९ जुलै १९०० रोजी मोंझाला राजा उंबेर्तोला गोळ्या घातल्या. प्रदर्शनात त्याला जागा द्यायची का?
"खुनी आहे तो."
"आणि मिलानमध्ये भुकेल्या माणसांवर तोफा डागणाऱ्या सेनापतीला राजाने पदक दिलं, त्याचं काय?"
एक आजी उठून गेल्या. कॉफीचं भांडं त्यांचं. तेही नेलं.

५ ऑगस्ट
कॉफी नाही. उपस्थिती निम्मी.

१२ ऑक्टोबर
कोलंबस दिनाच्या मिरवणुकीवरून बैठकीत धुसफूस चालूच. दुपारी कॉफीवाल्या आजी माझ्या टेबलाशी आल्या, एकट्या. पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पुस्तिका. त्यांच्या आईची. फोटो आणि बोटाचा ठसा. अमेरिका युद्धात उतरली तेव्हा नागरिकत्व न घेतलेले सहा लाख इटालियन शत्रुराष्ट्राचे परके ठरले. कॅमेरा, शॉर्टवेव्ह रेडिओ जमा करा, विचारल्याशिवाय गाव सोडू नका. यांचा थोरला भाऊ तेव्हा अमेरिकेच्याच फौजेत. १२ ऑक्टोबर १९४२, कोलंबस दिनी, सरकारने तो शिक्का उठवल्याचं जाहीर केलं.
"म्हणून मला तो दिवस हवा. कोलंबस कसा होता ते मलाही ठाऊक आहे."
पुस्तिका स्कॅन केली. ठशाच्या रेघा स्वच्छ आल्या. मधोमध एक आडवा काप. सुरीचा असेल, कारखान्यातला असेल.

१८ नोव्हेंबर
प्रदर्शन. वही, पुस्तिका, मोदेस्तिनो, मिरवणुकीचे फोटो, ब्रेस्चीवर एक पान. आब्रुत्सोकडच्या एका घरातला पित्सेल्लेचा लोखंडी साचा, दोन लांब दांड्यांचा, पात्यावर आजीच्या नावाची आद्याक्षरं. बांगलादेशी मुलं शाळेच्या कामासाठी आली. पेरूच्या एक बाई एका फोटोपुढून हलेनात. "हे माझं घर. भाड्याने राहते. जिना अजून असाच आहे."
कॉफीचं भांडं परत आलं. ब्रेस्चीच्या टेबलापासून सगळ्यांत लांब ठेवलं.

२० जानेवारी २०२४
सभासद एकतीस. खजिनदार व्हायला कोणी तयार नाही. मास्तरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पण कलम तीन: सभासद इटालियन वंशाचा हवा. सहयोगी सभासद करा, एकाने सुचवलं. पैसे जिच्या हातात, ती सहयोगी?
विषय पुढे ढकलला.

९ मार्च
मास्तरीणबाई रुग्णालयात. खुब्याचं हाड. वहीतला नियम कोणालातरी आठवला. दोघादोघांच्या पाळ्या लावल्या. यादीत पहिलं नाव अंजीरवाल्यांचं.

१३ एप्रिल
वही संपत आली. १९२४ नंतर नवी नावं जवळपास नाहीत. त्या वर्षीच्या कायद्याने इटलीचा वाटा वर्षाला ३,८४५ माणसांवर आणला. आपल्याकडच्यांना तर १९१७ पासूनच दार बंद.

१ जून
मास्तरीणबाई वॉकर घेऊन आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "बागेत खणत नव्हते." अंजीरवाले या वेळी हसले.

२२ जून
वार्षिक सभा. कलम तीन बदललं. इथल्या इटालियन वस्तीशी, गिरण्यांशी, घरांशी ज्याचा संबंध, तो सभासद. मतं सव्वीस विरुद्ध नऊ. नऊपैकी एकही उठून गेला नाही. पेरूच्या बाईंनी अर्ज भरला. मिरवणुकीला मंडळ म्हणून जायचं नाही, ज्याला जायचं त्याने जावं. आजारी सभासदाला आठवड्यातून एकदा दोघांनी भेटायचं, हे घटनेत लिहून घेतलं. नावावर एकमत नाहीच. बँकेसाठी नुसतं गावाचं नाव घातलं.
खजिनदार मी. वर्गणी वर्षाला वीस डॉलर, रोख किंवा चेक. थकबाकी चालणार नाही.