दादांसाठीं गाडी पाहतांना

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरांत एकच विषय चालू होता : दादांना पंढरपुरास न्यावयाचें, तें कसें? दादा म्हणजे आमचे वडील बंधु. वय वर्षें ७३. तीन वर्षांपूर्वीं त्यांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हांपासून उजवें अंग अधू आहे. वाचा मात्र शाबूत आहे, आणि स्वभावही. तारुण्यांत शेगांवच्या गजानन महाराजांच्या पालखीबरोबर ते दोनदां पायीं पंढरपुरास गेलेले. अशा माणसास चौघांनीं उचलून मोटारींत ठेवावें हें त्यांस कसें रुचावें? "मला गाठोडें करून नेणार असाल तर मी येत नाहीं," असें त्यांनीं निक्षून सांगितलें आणि विषय तेथेंच थांबला. त्यांतून आमच्या कुटुंबाचे गुडघे. देवघराचा उंबरा ओलांडतांना ज्यांना भिंतीचा आधार लागतो, त्यांनीं बसची पायरी कशी चढावी?

दादांच्या धाकट्या चिरंजीवानें एके दिवशीं नवी कल्पना काढली. "काका, अमेरिकेंत लोक घरच बरोबर घेऊन हिंडतात. आपणही जुनी तंबूगाडी पाहूं." त्याचें म्हणणें अगदींच हवेंतलें नव्हतें. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं निवासी गाड्यांतून प्रवास करणारांसाठीं धोरण जाहीर केलें आहे. तंबूगाडीची रचना मोठी चतुर. पेटीसारखी ठेंगणी गाडी मोटारीमागें जोडावयाची. मुक्कामीं दांडा फिरविला कीं तारांच्या ओढीनें छत वर चढतें, दोन्ही टोकांस बिछाने बाहेर सरकतात आणि भोंवतीं कापडाच्या भिंती उभ्या राहतात. तशी एक गाडी कोणा हौशी गृहस्थानें हातानें बनवून घेतलेली, खामगांवच्या बाजूस विकाऊ होती. आम्ही दोघे पाहावयास गेलों.

गाडी मिटलेली होती तोंवर फार देखणी दिसली. "पूर्ण उघडून दाखवा," म्हटल्यावर मालकाची कांहीं वेळ चुळबुळ झाली. छत तीन कोपऱ्यांवर चढलें, चवथ्यावर अडलें. कापड उलगडतांच कोंदट वास आला, आणि शिवणींच्या कडेनें काळे ठिपके दिसले. ओलें असतां मिटून ठेवलेल्या कापडास बुरशी धरते, आणि एकदां धरली कीं ती सहसा जात नाहीं. तळच्या फळीचे कोपरे अंगठ्यानें दाबून पाहिले; दोन ठिकाणीं अंगठा आंत गेला. ज्यांस अशी गाडी घ्यावयाची असेल त्यांनीं ती पावसाळा संपल्याबरोबर पाहावी, म्हणजे जें गळावयाचें तें गळून गेलेलें असतें.

परंतु हीं व्यंगें नसतीं तरी ती आमच्या उपयोगाची नव्हती. बिछाने आमच्या छातीइतके उंच. रात्रीं एकदां उठावें लागणाऱ्या माणसानें त्यावरून काळोखांत उतरावें कसें? शिवाय पुतण्या मागच्या टोकाला चढला तसें पुढचें टोक चटकन् उचललें गेलें. आम्हांस आमची जुनी दमणी आठवली. आजी मागून चढतांना गाडी उलार होऊं नये म्हणून एकास पुढें जुवाकडे बसवीत असत. या गाडीसही चार कोंपऱ्यांस खालीं सोडावयाचे पाय असतात, ते टेकविल्याखेरीज आंत कोणीं शिरावयाचें नाहीं. मालकास तें ठाऊक नव्हतें, किंवा पाय गंजले होते. शेवटीं कागद मागितले, तर नोंदणीच नाहीं. मोटारीमागें ओढली जाणारी गाडीही कायद्यानें मोटारगाडीच मानली जाते, तिला वेगळी नोंदणी लागते, हें त्या गृहस्थास आम्हीं सांगावें लागलें. एका माजी शिक्षकास असा वर्ग घेण्याचा मोह आवरत नाहीं.

यानंतर जी चूक झाली ती सर्वस्वीं आमची. बारा आसनांची एक जुनी प्रवासी गाडी पाहण्यांत आली. आंत उभें राहतां येई, मागें निजावयास फळी केलेली, पडदे, पंखा, सर्व कांहीं. आम्ही चढलों, बसलों, निजूनही पाहिलें. भाव ठरला आणि ५,००० रुपये विसार दिला. दादांना मात्र बरोबर नेलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं गाडी दारीं आली. दार एकच, डाव्या बाजूस, त्याच्या आंत दोन उंच पायऱ्या. दादा काठी टेकीत आले, पहिल्या पायरीकडे पाहिलें, मग आमच्याकडे. कांहीं बोलले नाहींत, तसेच परत फिरले. त्यांचें तें मुकाट परतणें आम्हांस फार लागलें. विसार बुडाला, मालक म्हणाला, गाडींत दोष नाहीं, आणि तें खरेंच होतें. आसनें काढून फळी बसविली होती, त्या फेरफाराची नोंद पुस्तकांत नव्हती, हें आम्हांस मागाहून दिसलें. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें मूळ रचनेंत परवानगीवांचून बदल करतां येत नाहीं. तेव्हां विसार बुडाला तोही कदाचित् स्वस्तांतच.

त्यानंतर आम्हीं क्रम उलटा केला. दादांना व्यायाम शिकविणाऱ्या बाईंस विचारलें. त्या म्हणाल्या, चढतांना बरा पाय आधीं, उतरतांना अधू पाय आधीं. आणि मोटारींत डोकें घालून शिरावयाचें नाहीं, पाठ करून आधीं बसावयाचें, मग पाय आंत घ्यावयाचे. अंगणांत खाटेच्या कडेवर दादांची तालीम सुरू झाली. खाटेखालीं विटा घालून उंची वाढवीत गेलों, आणि कोणत्या उंचीवर ते स्वतः बसूं व उठूं शकतात ती दोरीस गांठ मारून ठेवली. पुढें प्रत्येक गाडीच्या आसनास आम्ही ती दोरी लावीत असूं. विकणारांस वाटे, म्हातारा कांहीं मंत्रतंत्र करतो आहे.

तालमींत दादांनींच एक गोष्ट काढली, जी आमच्या ध्यानीं आली नव्हती. डाव्या दारानें पाठ करून बसलें, तर गाडीचें तोंड उजव्या हाताकडे येतें, म्हणजे पुढच्या खांबाची मूठ धरावयास उजवा हात लागणार, आणि तोच अधू. उजव्या दारानें बसलें तर मूठ डाव्या हाताशीं! "मला उजवें दार हवें," ते म्हणाले. तीन वर्षांत त्यांनीं स्वतःसाठीं मागितलेली ही पहिलीच वस्तु असावी.

दोन्ही बाजूंस सरकतीं दारें असलेली गाडी म्हणजे मारुतीची ओम्नी किंवा ईको. ओम्नीचें उत्पादन २०१९ सालीं थांबलें. ईको २०१० पासून आहे. चिखलीच्या एका निवृत्त गुरुजींची सात आसनांची ईको मिळाली. या वेळीं दादा बरोबर होते, दोरी होती, आणि आम्ही घाई केली नाहीं. सकाळीं थंड असतां गाडी सुरू करून पाहिली. टायरांवर शेवटचे चार आंकडे असतात, त्यांत पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे; त्यांवरून दोन टायर सात वर्षांचे निघाले, ते बदलून घेतले. समृद्धि महामार्गाच्या तापलेल्या सिमेंटावर जुन्या टायरांशीं खेळ बरा नव्हे. बँकेचें कर्ज फिटल्याचा दाखला, २९ व ३० क्रमांकांचे नमुने सहीनिशीं घेतले. पुस्तकावर एमएच २८ हा आपल्या जिल्ह्याचाच क्रमांक असल्यानें पुढची खटपट कमी झाली.

आसन दोरीच्या गांठीहून चार बोटें वर आलें. त्यासाठीं सुताराकडून बाभळीचा एक रुंद पाट करून घेतला, खालीं रबर ठोकून. तोच आमच्या कुटुंबाच्या गुडघ्यांसही चालला. गाडींत निजण्याचा हट्ट सोडला. पंढरपुरास शेगांव संस्थानचा भक्तनिवास आहे, तेथें तळमजल्याची खोली मागावयाची, आणि रात्रीसाठीं शौचाची घडीची खुर्ची बरोबर न्यावयाची. पुतण्या थोडा हिरमुसला. त्याचा तंबू सुटला ना!

परवां एकादशीस मेहकरच्या शारंगधर बालाजीपर्यंत तालमीची फेरी केली. उजवें दार वाहत्या रस्त्याकडे उघडतें, म्हणून गाडी नेहमीं मोकळ्या पटांगणांत नेऊन उभी करावयाची, हा नियम ठरला. दादांनीं आधीं मूठ धरली, मग बरा पाय पाटावर, मग बसले, आणि अधू पाय डाव्या हातानें स्वतः उचलून आंत घेतला. कोणीं हात लावला नाहीं. लावूं पाहिला त्यास त्यांनीं काठीनें बाजूस केलें. देवापुढें बराच वेळ बसले. परततांना चिखलीस चहा घेतला. घाटाच्या अलीकडे येतांच त्यांनीं विचारलें, "पाट घेतला का रे?" पाट चहावाल्याच्या दारींच राहिला होता. गाडी मागें फिरवावी लागली.