पंचवीस सेंटिमीटर जास्त

मोटार विकली गेली, असं कंपनी कधी म्हणते? ग्राहक गाडीची पूजा करून, नारळ फोडून, पेढ्यांचा पुडा घेऊन शोरूममधून निघतो तेव्हा नाही. कारखान्याच्या गेटातून ट्रेलरवर चढून गाडी डीलरकडे रवाना झाली, की कंपनीच्या हिशेबात ती विकली गेली. दर महिन्याच्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत येणारे कंपन्यांचे विक्रीचे आकडे या रवानगीचे असतात. आरटीओत प्रत्यक्ष नोंदल्या गेलेल्या गाड्यांचा आकडा निराळा. तो डीलरांची संघटना ‘फाडा’ प्रसिद्ध करते. नाशिकमधल्या सातपूर आणि अंबडच्या लहान कारखान्यांना उत्पादनाचं नियोजन करून देणं हा माझा व्यवसाय आहे, आणि या दोन आकड्यांमधलं अंतर वेळेवर ओळखणं हे त्यातलं सर्वांत अवघड काम.

एक साधं गणित मांडते. एक डीलर महिन्याला 100 गाड्या विकतो आणि दोन महिन्यांचा, म्हणजे 200 गाड्यांचा साठा बाळगतो. मागणी घटली आणि विक्री 80 वर आली. आता त्याला साठाही 160 चाच पुरेसा आहे. 200 पैकी 80 विकल्या, 120 उरल्या. म्हणून त्या महिन्यात तो कंपनीकडून फक्त 40 गाड्या उचलतो. शोरूममध्ये 20 टक्के घट, कारखान्याच्या गेटावर 60 टक्के! आता त्या कारखान्याला ब्रॅकेट पुरवणारा व्हेंडर घ्या. त्याच्याकडे पंधरा दिवसांचा तयार माल आहे, म्हणजे 50 गाड्यांचा. शेड्यूल 40 वर आल्यावर त्याला 20 चा साठा पुरतो. जास्तीचे 30 तो गोदामातून देतो आणि नवीन फक्त 10 बनवतो. त्याच्याकडे घट झाली 90 टक्के. त्याला प्लेटिंग किंवा मशिनिंग करून देणाऱ्या अंबडच्या शेडमध्ये त्या महिन्यात जवळपास काहीच येत नाही. पुढच्या महिन्यात डीलर पुन्हा 80 गाड्या उचलू लागतो, पण तोवर त्या शेडच्या मालकानं दोन ऑपरेटर कमी केलेले असतात आणि बँकेचा हप्ता चुकलेला असतो.

ऑगस्ट 2019 मध्ये हे गणित कागदावरून शेडमध्ये उतरलं. त्या महिन्यात देशातल्या प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत 31 टक्क्यांहून अधिक घटली. कारणं एकात एक गुंतलेली होती. सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तकंपनी कोसळल्यावर बिगरबँक वित्तसंस्थांनी कर्जं आखडली. त्याच महिन्यापासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरणं सक्तीचं झालं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे निकष लागू होणार हे ठरलेलं होतं, त्यामुळे आत्ता घ्यावी की थांबावं या पेचात ग्राहक थांबला. नाशिकमध्ये गाड्या बनवणाऱ्या महिंद्रानं त्या तिमाहीत 8 ते 14 दिवस उत्पादन बंद ठेवण्याचं जाहीर केलं, आणि एप्रिलपासून सुमारे 1,500 हंगामी कामगार कमी केल्याचं कंपनीचे तेव्हाचे व्यवस्थापकीय संचालक पवन गोएंका यांनी सांगितलं. सातपूरमधल्या बॉशच्या कारखान्यानंही कामाचे दिवस कमी केले. डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर हा त्या कारखान्याचा कणा, त्यामुळे त्याच्यावर दुहेरी मार होता: गाड्या कमी, आणि त्यातल्या डिझेलच्या आणखी कमी. पपया नर्सरीच्या चौकात सकाळी पाळीला निघालेल्या दुचाकींची गर्दी ओसरलेली कुणालाही दिसत होती.

मंदी सगळ्यांवर येते. एखाद्याच गाडीची विक्री ढासळते, तेव्हा मात्र कारण त्या महिन्यात शोधून सापडत नाही. ते चार-पाच वर्षं मागे, एखाद्या करारात किंवा रेखाटनात असतं. नाशिकपुरतं बोलायचं तर त्याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे लोगान.

परदेशी कंपनीची मोटार नाशिकला जोडण्याचा हा पहिला प्रयोग नव्हता. नव्वदच्या दशकात फोर्डची एस्कॉर्ट इथेच जोडली जात होती. 2005 मध्ये महिंद्रा आणि फ्रान्सची रेनॉ यांनी 51:49 भागीदारीत कंपनी काढली. नाशिकमध्ये वर्षाला 50,000 लोगान बनवण्याची क्षमता उभी करायची ठरली. मूळ लोगान 2004 मध्ये रुमानियात रेनॉच्या डाचिया कंपनीनं आणली होती, पाच हजार युरोंची मोटार हे उद्दिष्ट ठेवून. काटकसरीच्या रचनेचा तो उत्तम नमुना होता, आणि हे मी मनापासून म्हणते. दोन्ही बाजूंचे आरसे एकाच साच्यातले, पुढची काच कमी वळणाची, डॅशबोर्ड एकसंध. इतकं करून मागे तीन माणसं ऐसपैस बसायची आणि डिकी 510 लिटरची. पंढरपूरला किंवा शिर्डीला सामानासकट जाणाऱ्या कुटुंबाला याहून काय हवं?

पण या गाडीची लांबी होती सुमारे सव्वाचार मीटर. करार 2005 चा. फेब्रुवारी 2006 च्या अर्थसंकल्पात ‘लहान मोटारी’ची व्याख्या आली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 सीसीपर्यंत. अशा गाडीवर उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 वर आलं. लोगानचं डिझेल इंजिन 1461 सीसीचं होतं, म्हणजे त्या अटीत बसणारं. लांबी तेवढी पंचवीस सेंटिमीटरनं जास्त. एप्रिल 2007 मध्ये गाडी बाजारात आली ती 24 टक्क्यांच्या रांगेत. 2008 मध्ये लहान गाड्यांचं शुल्क आणखी उतरून 12 टक्के झालं. टाटांनी त्याच वर्षी इंडिगोची शेपटी कापून चार मीटरच्या आतली सीएस आणली आणि सवलत खिशात घातली.

मारुतीची पहिली डिझायरसुद्धा चार मीटरहून लांब होती, तरी ती धडाक्यात खपली, हा आक्षेप रास्त आहे. तिच्यामागे स्विफ्टचं नाव होतं, गावोगावी सर्व्हिस सेंटर होतं आणि सुटे भाग देशात बनत होते. लोगानकडे यातलं काहीच पुरेसं नव्हतं. तिचे बरेच भाग बाहेरून यायचे. 2007 च्या मध्यात 55 रुपयांच्या आसपास असलेला युरो 2009 मध्ये 65 च्या पुढे गेला. स्वस्त म्हणून आखलेली गाडी स्वस्त राहिली नाही, दिसत मात्र स्वस्तच राहिली. टॅक्सीवाल्यांनी तिला लगेच ओळखलं आणि उचललं, त्यामुळे घरची गाडी म्हणून बघणारा गिऱ्हाईक आणखी बिचकला.

पहिल्या वर्षी वीस हजारांच्या वर गेलेली विक्री तिसऱ्या वर्षी काही हजारांवर आली. गाडी आखूड करणं, भाग स्वदेशी करणं, पुढचा चेहरा बदलणं, यातलं काहीही करायचं तर आराखड्याचा मालक रेनॉ होती. एप्रिल 2010 मध्ये रेनॉ बाहेर पडली, महिंद्रानं तिचा 49 टक्के हिस्सा घेतला. 2011 मध्ये गाडीचं नाव व्हेरिटो झालं. 2013 च्या जूनमध्ये अखेर आखूड व्हेरिटो व्हाइब आली, 3,991 मिलिमीटरची! पण त्याआधीच, 2012 मध्ये, डिझायरही चार मीटरच्या आत आली होती आणि होंडाची अमेझ दारात उभी होती. जी दुरुस्ती 2008 मध्ये गाडीला वाचवू शकली असती, ती 2013 मध्ये केवळ उशीर ठरली.

याच्या शेजारी 2016 ठेवून बघा. 16 डिसेंबर 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरात 2000 सीसी आणि त्याहून मोठ्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही 500 चं इंजिन 2.2 लिटरचं. पुढच्याच महिन्यात महिंद्रानं त्या भागासाठी 1.99 लिटरचं इंजिन पुढे केलं. हे जमलं, कारण इंजिन स्वतःचं होतं. 2002 ची स्कॉर्पिओ नाशिकला बसलेल्या तरुण अभियंत्यांनी घडवली होती. ते ज्ञान घरात होतं, कुणाची परवानगी लागली नाही. ऑगस्ट 2016 मध्ये बंदी उठली.

अधिकार हातात असूनही वेळ चुकू शकते, हे महिंद्राच्या मराझोनं दाखवलं. 3 सप्टेंबर 2018 रोजी नाशिकमध्येच तिचं अनावरण झालं. आरामदायी, शांत, नेटकी गाडी. पण फक्त डिझेल. मे 2012 मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला 73 रुपये आणि डिझेल 41 च्या आसपास होतं, तेव्हा डिझेल गाडी घेणं हा शहाणपणा होता. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झालं आणि ती दरी बुजत गेली. जून 2020 मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलहून महाग झालं. समोर अर्टिगा पेट्रोलमध्ये होती, पुढे सीएनजीतही. मराझोला पेट्रोल इंजिन अखेरपर्यंत मिळालं नाही. माझ्या मते ती गाडी ग्राहकानं नाकारली नाही. तिला तिच्या काळाचं इंजिन दिलं गेलं नाही.

आणि या सगळ्यात व्हेंडर कुठे असतो? वर्षाला 50,000 गाड्यांचा आकडा सांगून त्याच्याकडून डाय आणि फिक्सचर करून घेतले जातात. त्यांचा खर्च बहुधा प्रत्येक नगाच्या दरात थोडा थोडा वसूल व्हायचा असतो. गाडी 10,000 वर अडखळली, की डाय रॅकवर पडून राहते आणि कर्ज चालू राहतं. गाडीची लांबी तो ठरवत नाही, इंजिन तो निवडत नाही, करारावर त्याची सही नसते. माझ्या ओळखीतल्या एका प्रेसशॉपवाल्याला शेड्यूल निम्मं झाल्याचं कळलं ते पत्रा उतरवून घेतल्यानंतर. त्या गाडीचा डीलरांकडचा साठा तीन महिन्यांपासून तुंबला होता. शोरूममध्ये चहा पाजणाऱ्या मुलालाही ते दिसत असेल, पण अंबडमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

आज नाशिकचे दिवस बरे आहेत. थार इथे बनते. मे 2024 मध्ये इथल्याच एक्सयूव्ही 3एक्सओची 50,000 बुकिंग पहिल्या तासाभरात झाली. बुकिंग म्हणजे विक्री नव्हे, हे सांगायला हवं, पण लाइन धावते आहे आणि व्हेंडर नवी मशिन्स घेत आहेत. म्हणूनच आत्ता बोलायला हवं. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर कंपनीनिहाय आणि इंधननिहाय नोंदणीचे आकडे सर्वांना खुले आहेत. ‘निमा’ आणि ‘आयमा’ या आपल्या उद्योजकांच्या संघटनांनी ते दर आठवड्याला काढून, सोप्या मराठीत, प्रत्येक सभासदाला पाठवावेत. एका माणसाचं एका दुपारचं काम आहे. मॉडेलनिहाय किरकोळ विक्री आणि डीलरांकडचा साठा मात्र कंपन्यांकडेच असतो. शेड्यूलच्या कागदावर त्यासाठी दोन रकाने वाढवायला पैसा लागत नाही. कंपन्यांनो, जो तुमच्या भरवशावर कर्ज काढून डाय बनवतो, त्याला हे दोन आकडे द्या. आणि व्हेंडर मित्रांनो, पुढच्या शेड्यूलवर सही करण्याआधी ते मागा.