टिळक पुलाखालची धूळ

दिल्लीत ‘आयटीओ’चा चौक ठाऊक नसलेला माणूस विरळाच! आयकर कार्यालयाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले हे नाव रिक्षावाल्यापासून साहेबापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. एकीकडे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांचा बहादूरशहा जफर मार्ग, दुसरीकडे यमुनापार नेणारा विकास मार्ग आणि जवळच टिळक पूल. पुलावरून आगगाड्या धावतात, खालून मोटारी.

उन्हाळ्यात येथे ‘आंधी’ सुटते. रस्त्याकडेची माती उठते आणि क्षणात आभाळ पिवळे होते. दिल्लीकर नाकाला रुमाल लावतात आणि पुढे चालू लागतात. पण ही धूळ साधी नाही.

एके काळी इंजिनाची खटखट थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत. धुरातून ते बाहेर पडे आणि रस्त्यालगतच्या जमिनीवर बसे. योगायोग असा, की त्याविरुद्धची लढाईही याच परिसरात लढली गेली. सर्वोच्च न्यायालय आहे टिळक मार्गावरच! वाहनांच्या धुराबाबत वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये याचिका केली. १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले, १९९८ मध्ये दिल्लीत शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबली आणि २००० मध्ये साऱ्या देशात.

हवेतले शिसे झपाट्याने घटले. मातीतले मात्र सहजासहजी जात नाही. धातू कुजत नाही, जळत नाही. वरच्या चार बोटे थरात तो वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतो. त्यात रोज नवी भर पडते. ब्रेक झिजले की तांबे, टायर झिजले की जस्त. गॅसवर चालणारी बस असो वा विजेवरची मोटार, टायर तर सर्वांनाच असतात!

सर्वाधिक धोका लहान मुलांना. ती जमिनीलगत खेळतात, मातीचे हात तोंडात घालतात आणि मोठ्यांपेक्षा अधिक शिसे त्यांच्या अंगात शोषले जाते. त्याने बुद्धीची वाढ खुंटते, रक्त कमी होते. शिशाची सुरक्षित मात्रा अशी नाहीच.

म्हणूनच घर वाहत्या रस्त्यालगत असेल, तर चपला दाराबाहेर काढाव्यात, कोरड्या झाडूपेक्षा ओल्या फडक्याने फरशी पुसावी, पालेभाजी दोन-तीन पाण्यांनी धुवावी आणि जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवावेत.

चौकात दिवा लाल होतो. फुगे आणि गजरे घेऊन मुले गाड्यांकडे धावतात. त्यांच्या अनवाणी पायांवर तीच राखाडी धूळ असते. त्यांचे हात कोण धुणार?